कोपरावरची आई

"याच्यापेक्षा बरं तर मी काढीन," हे वाक्य माणसानं मोठ्यानं कधी बोलू नये. मनात म्हणावं, वर घोटभर पाणी प्यावं आणि गप्प बसावं. दादा ते बोलला, तेही जेवताना, सगळ्या घरासमोर, आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

निमित्त झालं मेव्हण्याच्या दंडाचं. मेव्हण्यानं हौसेनं दंडावर वाघ गोंदवून आणला होता. टॅटू म्हणायचं त्याला. गोंदवलं म्हटलं की मेव्हण्याला राग यायचा. तर तो टॅटूतला वाघ, वाघ कमी आणि दाढदुखीनं बेजार झालेलं मांजर जास्त दिसत होता. दादाचा चित्रकलेचा हात पहिल्यापासून चांगला. इतकी वर्षं तो एका छापखान्यात शाम्पूच्या आणि कीटकनाशकांच्या बाटल्यांची लेबलं रंगवत होता. लांबसडक केस आणि उताणं पडलेलं झुरळ, या दोन विषयांत त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. ते काम नुकतंच कॉम्प्युटरनं गिळलं होतं आणि दादा घरी बसला होता. चाळिशीचा पुरुष घरी बसला की घराला तो फार बसलेला दिसतो. तेव्हा बायको लगेच म्हणाली, "मग काढा की! नाहीतरी दिवसभर करता काय?"

दादा उत्तरासाठी अण्णांकडे बघू लागला. अण्णा म्हणजे त्याचे वडील. त्यांनी सारी नोकरी कुलपांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून काढली. तयार कुलूप त्यांच्या टेबलावर यायचं, अण्णा किल्ली फिरवायचे, कुलूप कानाशी धरायचे, आणि बहुतेक वेळा शेजारच्या खोक्यात टाकायचे. खोक्यातली कुलपं परत जायची. निवृत्त झाल्यावर खोकं कारखान्यात राहिलं, सवय तेवढी घरी आली. सुनेची आमटी, बातम्या देणारीचे उच्चार, शेजाऱ्यांचा जावई, सगळ्यांना अण्णांनी एकदा किल्ली लावून पाहिली आणि बाजूला टाकलं. दादा तर त्या खोक्यातच लहानाचा मोठा झाला होता. आपल्या हातचं काहीतरी बघून अण्णांनी एकदा, फक्त एकदा, 'चांगलं झालंय' म्हणावं, एवढीच त्याची इच्छा होती. बाकी त्याला नाव नको होतं, बंगला नको होता. पण अण्णांनी ते अजून म्हटलेलं नव्हतं.

त्या दिवशी अण्णा ताटातलं संपवत एवढंच म्हणाले, "बघू." अण्णांच्या तोंडी 'बघू' म्हणजे आशीर्वादच.

बाजारात एक टॅटूवाला होता, त्याच्याकडे दादानं शिकवणी लावली. वयानं तो दादाच्या भाच्याएवढा, पण सगळे त्याला 'सर' म्हणायचे. दुपारी सरांना आईचा फोन यायचा, जेवलास का म्हणून. सर दादाला 'काका' म्हणायचे. ज्याला आपण सर म्हणतो त्यानं आपल्याला काका म्हणावं, यात जी बोच आहे ती सुईतही नाही. पण पोरगं कामाला पक्कं होतं. आधी कागदावर चित्र काढायचं, मग ते एका खास कागदावरून कातडीवर जांभळ्या रेघांत उमटवायचं. याला ठसा म्हणायचं, आणि सुई चालते ती या ठशावरून. "कागद जिथे ठेवाल तिथे राहतो, काका," सर सांगायचे, "कातडी राहत नाही. म्हणून ठसा लावताना गिऱ्हाईक नेहमी उभं पाहिजे. हात सैल, बाजूला सोडलेला. बसवून, हात वाकवून ठसा लावलात की उठल्यावर चित्राची वाट लागलीच म्हणून समजा."

सराव केळ्यांवर. केळ्याची साल म्हणे माणसाच्या कातडीला जवळची. घरात फण्याच्या फण्या येऊ लागल्या आणि प्रत्येक केळ्यावर नांगर, गुलाब, गरुड नाहीतर कवटी उमटू लागली. खालच्या मजल्यावरच्या काकू हक्कानं येऊन काहीबाही घेऊन जायच्या, त्यांना बायकोनं चुकून कवटीचं केळं दिलं. काकूंनी ते खाल्लं नाही आणि पुढे बरेच दिवस कोणी काही दिलं की आधी उलटं करून बघायच्या. अण्णांनी मात्र एक केळं उजेडात धरून न्याहाळलं. "गुलाब आहे ना? देठ चुकलाय," म्हणाले आणि सोलून खाल्लं. दादा त्या दिवशी खुशीत होता. देठ चुकलाय म्हणजे गुलाब बरोबर आहे, असा त्यानं हिशेब केला.

केळ्यांनंतर पाळी स्वतःच्या मांडीची. दादानं दार लावून मोठ्या तन्मयतेनं मांडीवर एक शिडाचं जहाज काढलं. झकास झालं. बायकोला हाक मारून दाखवलं तर ती समोर उभी राहून म्हणाली, "बुडालं का हो?" दादा बसल्या जागेवरून बघत होता, त्यामुळे जहाज त्याच्या बाजूनं सरळ आणि उरलेल्या जगाच्या बाजूनं पालथं होतं. उरलेलं जग आपली मांडी बघायला येणार नाही, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. ती खरी असली तरी माणसाला लागतंच.

इमारतीखाली एक रिकामी खोली होती, पूर्वी तिथे शिवणयंत्रं दुरुस्त व्हायची. ती दादानं भाड्यानं घेतली आणि परवान्यासाठी कचेरीत गेला. तिथे घोडं पेंड खायला लागलं. टॅटू हा धंदा कुठल्या सदरात बसतो, हेच कुणाला माहीत नव्हतं.

"सुई टोचता ना? मग दवाखाना. डॉक्टरकीची पदवी आणा," पहिला कारकून म्हणाला.

"शाई आहे म्हणतोय तो. छापखान्यात घाला," शेजारचा म्हणाला.

दादा म्हणाला, "छापखान्यातूनच आलोय मी." पण ते कोणी मनावर घेतलं नाही. शेवटी मोठे साहेब चष्मा पुसत आले आणि त्यांनी मुळालाच हात घातला. "गिऱ्हाईक बसतं की झोपतं?"

"दोन्ही, साहेब. जिथे काढायचं असेल तसं."

"दोन्ही चालायचं नाही. झोपत असेल तर दवाखाना, बसत असेल तर सलून. काय ते एकदा ठरवा."

दादानं सलून ठरवलं. सलूनच्या परवान्याला एक फिरती खुर्ची आणि भिंतभर आरसा सक्तीचा होता. पाहणीला आलेल्या साहेबानं खुर्चीत बसून दोन गिरक्या घेतल्या, आरशात आपले दात बघितले आणि परवाना दिला. वस्तरा का नाही, एवढी एक शंका काढून गेला.

अशा रीतीनं दादाचं दुकान उघडलं, आणि पहिल्याच सकाळी एक गृहस्थ येऊन सरळ खुर्चीत बसले, मान मागे टाकून डोळे मिटले आणि म्हणाले, "मागून बारीक, पुढे राहू दे." दादानं आपण कलावंत आहोत असं समजावून सांगितलं. गृहस्थ म्हणाले, "बरं बरं, मग जास्त काढू नका." असे लोक रोज यायचे. केस कापायचे नाहीत म्हटलं की काहींना राग यायचा. एकानं तर इमारतीत वर जाऊन तक्रार केली की खालचा न्हावी फार माजलाय.

टॅटू काढायला मात्र काळं कुत्रं फिरकेना. येणारा आधी विचारायचा, "तुम्ही काढलेला एखादा दाखवा की." दादाजवळ दाखवायला केळी होती, ती काळी पडली होती. पालथं जहाज भरदुकानात दाखवण्याजोगं नव्हतं. दुकानातल्या बाकावर काकू आणि तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर रोज फुकटचा पेपर वाचायला बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्यासमोर सल्ले देत. उंटावरून शेळ्या हाकायला या दोघांना उंटही लागत नसे, बाक पुरायचा.

"बँकेत आम्ही जामीन मागायचो," मॅनेजर सांगत, "तसा तुला एक हात पाहिजे बघ, दादा. कुणाचातरी चांगला, विश्वासाचा हात."

"तुमचाच द्या ना, काका."

"माझं काय, मला रक्तदाबाचा त्रास आहे." मॅनेजर पेपरात तोंड घालत.

काकूंना कातडीची ॲलर्जी होती, कशाची ते त्या आठवून सांगणार होत्या. मेव्हण्यानं फोन उचलणं बंद केलं. उरली बायको. ती भाजी निवडता निवडता शांतपणे म्हणाली, "संसार दिला, तेवढा पुरे. कातडी मागू नका." दादाचा चेहरा पडला. भाडं थकायला आलं होतं ते वेगळंच, पण आपण अण्णांच्या डोळ्यांदेखत आणखी एकदा हरतोय, हे त्याला जास्त खात होतं. त्यानं मनातल्या मनात दुकान बंद करायचा दिवससुद्धा ठरवून टाकला.

आणि त्याच सुमारास एका सकाळी अण्णा जिना उतरून दुकानात आले. ते याआधी कधी आले नव्हते. त्यांनी खोलीवर नजर फिरवली, आरसा किंचित तिरका आहे म्हणाले, आणि शर्टाची बाही वर सरकवू लागले.

"माझ्या हातावर काढ."

दादाला वाटलं ऐकण्यात चूक झाली. बाकावरचा पेपरही खाली आला. "काय काढू, अण्णा?"

अण्णांनी खिशातून एक लहानसा फोटो काढला आणि खुर्चीच्या दांडीवर ठेवला. दादाची आई. तिला जाऊन फार वर्षं झाली नव्हती. फोटोत ती ओठ मिटून हसत होती, कुणीतरी चावट बोललंय आणि आपण हसायचं नाही असं ठरवलंय, तशी. "ही," अण्णा म्हणाले. "इथे, कोपराच्या वर, आतल्या बाजूला. बाहीत झाकली पाहिजे. मला मिरवायचं नाहीये."

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. दादानं चित्र काढलं, पुसलं, पुन्हा काढलं. जन्मात कुठलं झुरळ त्यानं एवढ्या मायेनं काढलं नव्हतं. ठसा तयार झाला. तोवर अण्णा त्या फिरत्या खुर्चीत बसले होते, दांडीवर हात टेकून, कोपर वाकवून, साहेबासारखे.

सरांचा नियम दादाला आठवला नाही असं नाही. चांगला आठवला. 'अण्णा, उभे राहा,' एवढंच म्हणायचं होतं. पण आजवर हे वाक्य त्या घरात एकाच बाजूनं बोललं गेलं होतं. 'नीट उभा राहा', 'ताठ उभा राहा', 'माझ्यासमोर उभा राहू नकोस', हे सगळं अण्णांनी म्हणायचं आणि दादानं ऐकायचं. शिवाय अण्णांचे गुडघे धरलेले. शिवाय चारचौघांत. शिवाय आयुष्यात पहिल्यांदा ते त्याच्याकडे काही मागायला आले होते. शब्द ओठापर्यंत आले आणि दादानं गिळून टाकले. अण्णा त्याच्याकडे बघत होते. क्षणभर काहीतरी बोलणार असं वाटलं. मग म्हणाले, "लाव. थांबलास कशाला?"

दादानं ठसा लावला.

दुपार कलेपर्यंत सुई चालली. अण्णांनी हूं की चूं केलं नाही. आणि काम झालं तेव्हा, खरं सांगायचं तर, खुर्चीत बसलेल्या अण्णांच्या वाकलेल्या हातावर दादाची आई हुबेहूब हसत होती. हनुवटीवरचा तीळसुद्धा आपल्या जागी. मॅनेजर म्हणाले, "वा! वा!" काकू म्हणाल्या, "आत्ता बोलेल बाई असं वाटतंय."

मग अण्णा उभे राहिले आणि त्यांनी हात खाली सोडला.

त्याबरोबर आई लांबली. हनुवटी कोपराकडे घसरली, एक डोळा कोण आलंय बघायला वर चढला, आणि ते मिटल्या ओठांचं हसू एरंडेल पाजल्यासारखं एका बाजूला ओढलं गेलं. काकूंना गॅसवर दूध ठेवल्याचं एकदम आठवलं. मॅनेजर त्यांच्या मागोमाग गेले, त्यांचं दूध नव्हतं तरी.

अण्णा आरशासमोर गेले. सरळ हात त्यांनी पुष्कळ वेळ पाहिला. दादा मागे हातमोजे काढायचं विसरून उभा होता. आता अण्णा बोलतील, त्यानं मनाची तयारी केली. बोलू देत. हवं ते बोलू देत. अण्णांनी हळूहळू कोपर वाकवलं, छातीपाशी आणलं, आणि आई पुन्हा पहिल्यासारखी हसली.

"चांगलं झालंय," अण्णा म्हणाले.

जन्मभर ज्या शब्दांची वाट पाहिली ते असे आले. दादाला ते घेताही येईनात आणि परतही करता येईनात. रडू येतंय की काय असं वाटून तो उगीच सुया आवरायला लागला.

त्या दिवसापासून अण्णा कोपर वाकवूनच हिंडू लागले. मिरवायचं नाही म्हणणारा हा माणूस बाही वर सारून भाजीवाल्याला, पोस्टमनला, जिन्यात भेटेल त्याला हात दाखवायचा. "बघा. मुलानं काढलंय." बघणारे थक्क व्हायचे, कारण एक तर काम खरोखर सुरेख दिसायचं आणि दुसरं म्हणजे अण्णांनी कशाचंतरी कौतुक केलेलं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. ज्या माणसाला सूर्य जरा तिरका उगवलाय असं वाटायचं, तो नावाजतोय म्हणजे टॅटूवाला साधा नसणार. नवी माणसं विचारायची, "हाताला काय लागलंय, अण्णा?" अण्णा म्हणायचे, "काही नाही, सवय." बाजारात पिशवी सरळ हातानं धरावी लागते म्हणून त्यांनी ती दुसऱ्या हातात घ्यायला सुरुवात केली, आणि दादा समोर असला तर चहाचा कप ठेवतानासुद्धा कोपर सरळ होऊ द्यायचे नाहीत.

आणि गिऱ्हाईक येऊ लागलं. आधी जिन्यातलं, मग गल्लीतलं, मग लांबलांबचं. दादा प्रत्येकाला आधी उभं करायचा. अगदी करड्या आवाजात. "उभे राहा. हात सैल सोडा. आणखी सैल." मोठमोठ्या अधिकाऱ्यांना त्यानं उभं केलं. हात बसला, नाव झालं, बायको पाहुण्यांना 'आमचे हे कलावंत आहेत' म्हणू लागली, आणि मेव्हणा फोन उचलू लागला. सर स्वतः येऊन काम बघून गेले. दादानं त्यांना बाजूला घेऊन विचारलं, चुकलेला टॅटू दुरुस्त होतो का. "वरून काहीतरी गडद काढून झाकता येतो, काका. गरुड वगैरे," सर म्हणाले. आईच्या तोंडावर गरुड बसवायचा या कल्पनेनं दादाला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

धंदा असा वर जात होता आणि इकडे अण्णांचा हात आखडत होता. शेवटी एक दिवस कोपर धरलं ते सुटेना. हाडांच्या डॉक्टरांनी अण्णांना भरपूर झापलं. चांगला हात वापरला नाहीत म्हणून गेला, म्हणाले. आता घरातल्या कुणीतरी रोज तेल लावून तो थोडा थोडा सरळ करायचा, दुखला तरी.

ते काम दादानं घेतलं. सकाळी अण्णा खिडकीशी बसायचे, दादा समोर स्टुलावर, हातात कोमट तेलाची वाटी. पहिले काही दिवस दोघंही हवापाण्याचं बोलले. मग एकदा तेल चोळता चोळता दादाला राहवलं नाही.

"अण्णा, माझं चुकलं. ठसा लावताना तुम्हाला उभं करायला पाहिजे होतं."

"माहीत आहे," अण्णा म्हणाले.

"कुणी सांगितलं?"

"तूच. रोज दाढी करताना घोकायचास. गिऱ्हाईक उभं, हात सैल. भिंतीपलीकडे सगळं ऐकू यायचं मला."

दादाचा हात थांबला. "म्हणजे त्या दिवशी तुम्ही बसलात तेव्हा..."

"बसलो तेव्हा ध्यानात नव्हतं. तू ठसा घेऊन आलास तेव्हा आलं."

"मग बोलला का नाहीत? एरवी एवढ्यातेवढ्यावरून बोलता! माझी तर एक गोष्ट सोडली नाहीत तुम्ही!"

"बोलत होतोच ना आजवर," अण्णा म्हणाले. "बासरीच्या वेळी बोललो, तू बासरी माळ्यावर टाकलीस. पाट्या रंगवायचास, त्यावर बोललो, तर ब्रश वाटून टाकलेस. त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललो असतो तर तू सुई खाली ठेवली असतीस. परत उचलली नसतीस."

दादाला म्हणायचं होतं, नाही, असं काही झालं नसतं. एका शब्दानं सांगितलं असतंत तर मी तुम्हाला उभं केलं असतं, आणि आई आज सरळ हसली असती. पण तो स्वतःला ओळखून होता. त्यानं सुई खाली ठेवलीच असती. अण्णांचं म्हणणं शब्दन् शब्द खरं होतं, आणि त्याला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"कर आता सरळ," अण्णा म्हणाले. "तो डॉक्टर फार बोलतो."

दादानं दोन्ही हातांनी ते कोपर धरलं आणि सांगितल्याप्रमाणे हळूहळू ओढायला सुरुवात केली. हात सरळ होऊ लागला तसं अण्णांनी तोंड खिडकीकडे फिरवलं आणि खालचा रस्ता बघत बसले. हात पुरता सरळ झाला की नाही, हे दादाला मात्र बघावंच लागत होतं.